पाच बोटं कुंकू

मंगलला कॅमेऱ्यासमोर बोलता येतं, हे वाडीत कुणाला ठाऊक नव्हतं. तिचं तिलाही नव्हतं. जन्मात एकदाच तिच्यापुढे माईक आला, ती न अडखळता बोलली, मनापासून बोलली, आणि त्या बोलण्याची शिक्षा ती अजून भोगते आहे. गुन्हा काय म्हणाल, तर चारचौघांत पोराचं कौतुक केलं.

मांजरसुंब्याहून केजकडे निघालं की डोंगराच्या अंगाला ज्या वाड्या लागतात, त्यांतल्या एका वाडीत तिचं घर. माहेर उमापूरचं. सासरी आली तेव्हा वाट्याला मुरमाड जमिनीचा एक तुकडा आणि हातात ऊसतोडीचा कोयता आला. तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. अंगावरची हळद उतरायच्या आत ती नवऱ्याबरोबर, उत्तरेश्वरबरोबर, कारखान्याच्या वाटेला लागली, ती आजतागायत. दिवाळी झाली की सगळी वाडी ट्रॅक्टरमध्ये चढते. मागे राहतात म्हातारी माणसं, शेळ्या आणि शाळेतली पोरं. उन्हाळ्यात आईबाप परततात तेव्हा पोरं वाढलेली असतात आणि पहिले एकदोन दिवस आईशी पाहुण्यासारखी बोलतात.

मंगलला एकच लेकरू, सत्यम. त्याला तिनं सासूपाशी, भिवराबाईपाशी ठेवून शाळा शिकवली. एका वर्षी भिवराबाई आजारी पडली म्हणून त्याला उसाच्या फडात न्यावं लागलं. सत्यम तेव्हा मराठी शाळेत होता. बापाचा कोयता उचलून त्यानं ऊस तोडला आणि सगळी टोळी वाहवा करायला लागली. मंगललाही आनंद झाला. आणि मग रात्रभर झोप आली नाही. पोराचा हात इतका सफाईनं चालावा याची तिला धास्ती वाटली. तेव्हाच तिनं ठरवलं की पुन्हा याला फडाचं तोंड दाखवायचं नाही. हा पोलीस होईल. पोलीसच का, तर वाडीतून सरकारी पगार मिळवणारा एकच माणूस तिनं पाहिला होता आणि तो पोलीस होता.

सत्यम ऐकणाऱ्यातला निघाला. डोंगराच्या चढावर पळून पळून त्यानं पाय घडवले, भरतीची मैदानी चाचणी पार केली. लेखी पेपर तेवढा राहिला होता. एरवी मात्र तो त्याच्या वयाचाच होता. वाडीतली चारपाच पोरं मिळून गाणी रचायची, त्यावर हातवारे करत रील काढायची. गटाचं नाव ठेवलं होतं ‘फडातली पोरं’. पुढचे केस तांब्याच्या रंगाचे करून घेतले होते सगळ्यांनी. भिवराबाई म्हणायची, ‘‘मक्याच्या कणसावानी शेंडा आलाय माज्या नातवाला.’’ उत्तरेश्वर म्हणायचा, ‘‘ह्याला पोलिसात घेनार हायत का सर्कशीत?’’ लेखी पेपराआधी केस कापायचं पोरानं कबूल केलं होतं. गाणी तशी गाजत होती. भागातले पुढारी अमरसिंह दादा यांनी आपल्या वाढदिवसाला या पोरांना स्टेजवर चढवलं होतं आणि प्रत्येकाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतले होते.

ही गाणी कशाची होती, हे मंगलला नीट माहीत नव्हतं. ती घरी असायची तेव्हा पोरं लाजून लांब, बारवेवर जाऊन बसायची.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरोघर हत्यारांची पूजा होते. नांगर, विळा, कुऱ्हाड, ज्याचं पोट ज्याच्यावर चालतं ते पाटावर मांडायचं. बाकीच्या बाया कोयत्याला हळदकुंकवाचं बोट लावतात आणि मोकळ्या होतात. मंगलच्या माहेरची रीत वेगळी. कुंकू पाण्यात कालवायचं, पाचही बोटं त्यात बुडवायची आणि पात्यावरून वरपासून खालपर्यंत ओढायची. मन लावून ओढलं की ओघळ खाली येतात. ‘‘हातानं हत्याराला आन घालायची,’’ तिची आई सांगायची, ‘‘का बाबा, ऊस तोड, मला तोडू नगंस.’’ मंगलनं इतकी वर्षं हेच केलं होतं आणि तिची बोटं शाबूत होती.

त्या खंडेनवमीला सत्यमनं मोबाइल पुढे धरला. पाटावर बापाचा नि आईचा कोयता, दोन्हींवरून ओलं कुंकू ओघळतंय, मग लांब बारवेवर एक कोयता उचलून तांबूस केसांचा सत्यम गातोय, मागे पोरं नाचतायत. झालं एवढंच. पोरांनी ते रील टाकलं आणि जेवायला गेली.

पुढे काही दिवसांनी लांबच्या एका शहरात पोरापोरांत मारामारी झाली. त्यात कोयते निघाले, एकाचा जीव गेला. बातमी खरीच होती, वाईटच होती. पण एका वृत्तवाहिनीकडे त्या मारामारीचं दाखवण्यासारखं काही नव्हतं. शोधता शोधता कुणाच्या तरी हाताला ‘फडातली पोरं’ लागली. मग काय विचारता. गाण्याचा आवाज बंद केला, वर धडधड वाजणारं संगीत चढवलं, कुंकवाभोवती गोल काढला. ‘रक्तानं माखलेला कोयता, रंगीत केस, बीडच्या डोंगरात तयार होतेय नवी गँग!’ लाल झगा घालून आल्यासारखी अक्षरं पडदाभर नाचू लागली. चार जाणती माणसं चौकटीत बसून पोरांचे केस, पोरांच्या हाताच्या खुणा, पोरांच्या पँटची फाटकी ढोपरं यांचा अर्थ लावू लागली. त्यांच्यातल्या एकानंही ऊस तोडलेला नव्हता, आणि बहुधा पूजाही बायकोच करत असावी.

पहिल्या दिवशी पोरं खूश. ‘‘आई, म्या टीवीवर आलो!’’ सत्यम नाचत घरात आला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याचं तोंड उतरलं. भरतीच्या मैदानावर पळणाऱ्या एका पोरानं त्याला विचारलं होतं, ‘‘तू तोच का बे?’’

त्याच दुपारी सोमनाथ वाडीत आला. तालुक्याचा पोरगा, वाहिनीसाठी बातम्या पाठवायचा. मोटारसायकल, खांद्याला बॅग, माईकवर वाहिनीचा ठोकळा. सत्यम पळायला गेला होता. उत्तरेश्वर दारातूनच म्हणाला, ‘‘आमाला काय बोलायचं न्हाई.’’

सोमनाथ नम्र होता. चप्पल बाहेर काढून आला, भिवराबाईच्या पाया पडला. म्हणाला, ‘‘मावशी, गैरसमज झालाय लोकांचा. तुमी तुमची बाजू सांगितली का मिटून जाईल बघा.’’

मंगलला ते पटलं. का पटू नये? आयुष्यभर तिनं असंच पाहिलं होतं. फडात भांडण झालं की माणसं समोरासमोर बसायची, ज्याचं त्याला बोलू द्यायची आणि मिटायचं.

‘‘तुमी गप ऱ्हावा हो,’’ ती नवऱ्याला म्हणाली. ‘‘खरं सांगायला काय भ्यायचं?’’

तिनं सोमनाथला आधी भाकरी-पिठलं वाढलं. मग ठेवणीतली साडी नेसून आली, पदर डोक्यावर घेतला आणि बाजेवर बसून बोलली. ‘‘कोयता तर आमच्या घरात हायच की. त्याच्याबिगर आमची चूल पेटत न्हाई. माज्या सत्यमच्या हातात कोयता आला तवा लई लहान व्हता तो. एका घावात तोडतो. बापाला मागं टाकतो. पर म्या ठरीवलंय, आता त्याला फडात न्यायचं न्हाई. त्याला पोलीस करायचं. पळन्यात पास झाला, लेखी तेवढं ऱ्हायलंय.’’ मग तिला आठवलं की मुद्दा कुंकवाचा आहे. ‘‘आन ते रगात न्हाई दादा, कुंकू हाय. थांबा, दावते.’’ तिनं वाटीत कुंकू कालवलं, कोयता मांडीवर घेतला आणि पाच बोटं ओढून दाखवली. ओढता ओढता हसलीसुद्धा. सोमनाथनं बोटांचा जवळून फोटो घ्यायचा म्हणून तिला हात वर धरायला सांगितला. तिनं धरला.

संध्याकाळी धुळाजीच्या दुकानातल्या टीव्हीपुढे सगळी वाडी जमली. मंगलनंच सगळ्यांना बोलावलं होतं. ती पुढे बसली, ती साडी अजून अंगावर होती.

बातमी लागली. मंगल पडद्यावर हसत होती. ‘‘कोयता तर आमच्या घरात हायच की,’’ ती म्हणाली. ‘‘माज्या सत्यमच्या हातात कोयता आला तवा लई लहान व्हता तो. एका घावात तोडतो.’’ आणि लगेच वर उचललेला हात, पाचही बोटं लाल, ओघळ मनगटापर्यंत आलेला. तिथंच चित्र थांबवून ठेवलं. खाली अक्षरं आली, ‘आईलाच अभिमान!’

पुढचं येईल म्हणून मंगल वाट बघत राहिली. पोलिसाचं येईल, लेखी पेपराचं येईल. त्याऐवजी अमरसिंह दादा आले. अशा प्रवृत्तींना भागात थारा देणार नाही, म्हणाले, कडक कारवाई झालीच पाहिजे. मग साबणाची जाहिरात लागली. सत्यम मागे दाराशी उभा होता. मंगलनं वळून पाहिलं तेव्हा तो निघून गेला होता.

दुसऱ्या दिवशी पोलिसांची गाडी आली. टीव्हीवर इतकं आल्यावर वरून फोन येतो, आणि फोन आल्यावर काहीतरी केलेलं दिसावं लागतं. पोरांना नेलं, दोन्ही कोयतेही नेले. हत्यार बाळगल्याचा, दहशत माजवल्याचा गुन्हा लागला. ठाण्याच्या आवारात पोरांचे केस उतरवले आणि मोबाइलपुढे उभं करून हात जोडायला लावले. ‘‘चुकलो साहेब, पुन्हा रील काढनार न्हाई.’’ हे रील सगळ्यांत जास्त लोकांनी पाहिलं. लोकांनी खाली टाळ्यांची चित्रं टाकली. मंगलनं पाहिलं ते एवढंच, की भादरलेल्या डोक्यानं तिचा सत्यम पाचवी-सहावीतला दिसत होता.

पोरं सुटून आली. मंगलनं ताट वाढलं. सत्यम खाली मान घालून जेवला.

‘‘मला बोल की रं,’’ ती म्हणाली. ‘‘म्याच बोलले जास्तीचं. शिव्या घाल, पर बोल.’’

‘‘तू खोटं काय बोल्लीस, आई?’’ तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

शिव्या घातल्या असत्या तर तिला सोसलं असतं. हे तिला सोसवलं नाही. ती चुलीपुढे बसून रडली.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर आला. नवे कोयते घेऊन मंगल आणि उत्तरेश्वर त्यात चढले. सत्यम अभ्यासाला मागे राहिला. एरवी ट्रॅक्टर वळेपर्यंत तो रस्त्यावर उभा असायचा. या खेपेला आला नाही, माणसं जमली होती म्हणून.

कारखान्याच्या थळावर, मुक्कामाच्या जागी, पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या, दिवस ऊस तोडण्यात आणि मोळ्या वाहण्यात जाऊ लागले. मंगल पहिल्यासारखीच राबायची, फक्त गाणं म्हणत नव्हती. एका दुपारी भाकरी खाताना शेजारच्या टोळीतल्या बायका मोबाइल बघत बसल्या होत्या. कुठल्याशा गावात पुन्हा काही मारामारी झाली होती. आणि अचानक मंगलला स्वतःचाच आवाज ऐकू आला. ‘‘एका घावात तोडतो.’’

पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ‘संग्रहित दृश्य’. म्हणजे हे आता त्यांच्याकडे कायमचं जपून ठेवलेलं होतं. कुठंही, कुणीही कोयता उचलला की मंगल हसत हसत पडद्यावर येणार आणि लाल हात वर करणार. बायकांनी मोबाइलकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. एकीनं घाईघाईनं आवाज बारीक केला. मंगलनं हातातली भाकरी फडक्यात बांधून ठेवली आणि उसात शिरली.

तरी तिनं आशा सोडली नव्हती. सत्यमनं लेखी पेपर दिला होता. संक्रांत होऊन गेल्यावर त्याचा फोन आला. ‘‘पास झालो,’’ तो म्हणाला. मंगल फोन धरूनच खाली बसली. तिनं उत्तरेश्वरला हाक मारली, बायकांना हाक मारली. मुकादमाकडून गूळ मागून आणला आणि सगळ्यांच्या हातावर ठेवला. सत्यम पलीकडून काही सांगायचा प्रयत्न करत होता, ते या गलक्यात तिला ऐकू आलं नाही.

तो स्वतःच आला मग. फडाच्या बांधावर पिशवी घेऊन उभा राहिला तेव्हा तिला वाटलं, पेढे घेऊन आला. नोकरीआधी चारित्र्याची पडताळणी होते, त्यात गुन्हा निघाला होता. खटला चालेल, तारखा पडतील, निर्दोष ठरलास तर बघू, असं साहेब म्हणाले होते. तोवर भरतीचं वय निघून जाणार हे साहेबालाही ठाऊक होतं आणि सत्यमलाही.

‘‘कोयता दे,’’ तो बापाला म्हणाला.

उत्तरेश्वरनं दिला. काय करणार? सत्यमनं वाकून ऊस धरला, बुडाशी घाव घातला आणि ऊस आडवा झाला. एका घावातच. मंगलनं तोंड फिरवलं. टोळीत कुणी वाहवा केली नाही.

हंगाम संपला. परतताना मांजरसुंब्याला ट्रॅक्टर थांबला. ढाब्याबाहेर चहा पीत बसलेला सोमनाथ मंगलला दिसला. ती खाली उतरून त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तो गडबडून उठला.

‘‘मावशी, आईशपत, म्या सगळं पाठवलं व्हतं,’’ तो म्हणाला. ‘‘कापायचं काम वर चालतं. आमाला कोन विचारत न्हाई.’’

‘‘मग कापलेलं कुटं हाय?’’

‘‘काय?’’

‘‘त्ये पोलिसाचं बोलले व्हते ना म्या. तेवढं दे मला. साहेबाला दावते. त्येंनी ऐकल्यावर त्येंना बी कळंल.’’

पाठवल्यावर मोबाइलमधून काढून टाकावं लागतं, जागा पुरत नाही, असं काहीतरी सोमनाथ पुटपुटला. त्यानं तिच्यासाठी चहा सांगितला. चहा येण्याआधीच ती ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसली होती.

पावसाळ्यात घरी असताना मंगलनं एकदा सत्यमला म्हटलं, ‘‘ते गानं म्हन की रं मला. टीवीवाल्यांनी आवाज बंद केलता. म्या ऐकलंच न्हाई.’’

‘‘इसरलो,’’ तो म्हणाला. रील तर सगळी केव्हाच पुसून टाकली होती.

भिवराबाई भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. पोरं घरामागं बसून गाणी बसवायची ती मंगल फडात असताना. म्हातारीनं ती सगळी ऐकलेली. सत्यम बाहेर गेल्यावर तिनं बोळक्या तोंडानं, चाल न जमवता, म्हणून दाखवलं.

‘‘टॅक्टरमागं पळालो मी, धूळ आली हाती,
आई माजी फडात तिकडं, जागतो मी राती.’’

‘‘आजून व्हतं पुढं,’’ भिवराबाई म्हणाली. ‘‘तुज्यावरच व्हतं समदं. मला न्हाई ध्यानात.’’

साऱ्या महाराष्ट्रानं ते रील पाहिलं होतं, आणि ज्या बाईसाठी गाणं रचलं तिला त्याच्या दोनच ओळी मिळाल्या, त्याही म्हातारीच्या तोंडून.

पुन्हा खंडेनवमी आली. उत्तरेश्वर मुकादमाकडे गेला होता, भिवराबाई अंगणात शेळीला पाला टाकत होती. मंगलनं पाट मांडला. यंदा पाटावर तीन कोयते होते. तिसरा सत्यमचा, नवा. तिनं तिन्हींना सुक्या हळदीचं बोट लावलं, फूल वाहिलं आणि हात जोडले. कुंकवाचा करंडा तिनं मुद्दामच फळीवरून काढला नव्हता.

सत्यम उंबऱ्यात बसून पाहत होता. त्याचे केस बारीक कापलेले होते, आता तो ते वाढूच देत नव्हता.

‘‘कुंकू न्हाई लावलं?’’ त्यानं विचारलं.

‘‘ऱ्हाऊ दे यंदा.’’

‘‘आन घातल्याबिगर कसं चालंल? बोट कापलं म्हंजी?’’

त्याचं खरं होतं. सगळं गेलं तरी कोयता तर चालवायचा होताच, आणि आता पोराची बोटंही त्याच्याखाली येणार होती. ती उठली. करंडा काढला, वाटीत कुंकू ओतलं, पाणी घालून कालवलं. बोटं बुडवली. लाल हात वर आला आणि तिथंच थांबला. तिला आपलाच हात बघवेना. ‘‘म्या न्हाई रं लेकरा, माज्यानं व्हत न्हाई,’’ ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. कुंकवाचा ओघळ मनगटापर्यंत आला होता, पण पुसायला दुसरा हातही उचलला नाही तिनं.

सत्यमनं तिच्याकडे पाहिलं, मग बाहेर रस्त्याकडे. रस्ता रिकामा होता. तरी तो उठला, दार लावून घेतलं, आतून कडी घातली. खिडकीवर आईची साडी ओढली. मग येऊन पाटाशी बसला आणि तिचं मनगट धरून हात आपल्या कोयत्यावर ठेवला.

‘‘वढ आता,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘कोन बघत न्हाई.’’

मंगलनं पाच बोटं ओढली.

अंगणातून भिवराबाईनं दारावर थाप मारली. ‘‘अगं मंगल, सनासुदीचं दिवसाढवळ्या दार कावून लावलंय?’’